ग्रेस कुवाहाराची स्ट्रॉबेरी

"तुझ्या त्या ग्रेसकडे किमोनो असेल ना गं?" सुमंतकाकांनी फोनवर विचारलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"काका, ग्रेसने आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलाय. तिच्याकडे दोन जीन्स आहेत आणि एक रेनकोट."

"अगं, शनिवारी ओपनिंगला फोटो छान येतील. पेपरवाले येतायत, मेयर येतायत. तू नुसतं विचारून तर बघ. तुझं ऐकते ती."

हे सुमंतकाका मूळचे पुण्याचे. सॉफ्टवेअरमधून रिटायर झाले, घर खायला उठलं, म्हणून आमच्या गावाच्या हेरिटेज कमिटीत शिरले आणि आता अध्यक्ष आहेत. माणूस वाईट नाही. मी नागपूरहून इथे आले तेव्हा पहिलं अपार्टमेंट त्यांनीच शोधून दिलं होतं. मी बौद्ध आहे हे ठाऊक असूनही दर गणपतीला मोदकांचा डबा घेऊन दारात हजर असतात. फक्त कुठे वाद होणार असं दिसलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. "आपण बाहेरून आलेली माणसं, आपण गोड राहावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गावाचं नाव मी सांगत नाही. क्युपर्टिनोहून गाडीने अर्धा तास दक्षिणेला, एवढं पुरे. नाव सांगितलं तर काका मला आणखी एक लांबलचक ईमेल पाठवतील.

तर आमच्या पार्कच्या एका कोपऱ्यात कमिटीने जुन्या पद्धतीची स्ट्रॉबेरी लावायचं ठरवलं होतं. शाळेची मुलं येतील, इथे कॉम्प्युटर यायच्या आधी काय पिकत होतं ते बघतील, असा बेत. पण लावणार कोण? कमिटीतल्या एकालाही गादीवाफा कशाशी खातात ते माहीत नव्हतं. म्हणून ग्रेस कुवाहाराला बोलावलं. सत्त्याऐंशीला टेकलेली बाई नोव्हेंबरच्या चिखलात गुडघ्यांवर बसून रोपं लावत होती. मे महिन्यात फळं लाल झाली, आणि कमिटीने फलक करून आणला. 'हार्लन हेरिटेज पॅच.'

हार्लन कोण ते सांगते, पण आधी ग्रेस.

माझी आणि तिची ओळख गावातल्या जपानी बुद्धविहारात झाली. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मला फार एकटं वाटायचं. एका रविवारी गाडी चालवत असताना विहाराची पाटी दिसली आणि मी आत जाऊन मागच्या बाकावर बसले. सगळे जपानी चेहरे, सगळं इंग्रजीत, आणि मध्येच सगळे उभे राहून 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणायला लागले. मी रडले. शेजारी बसलेल्या म्हातारीने रुमाल वगैरे काही दिला नाही. तिने विचारलं, "तुला हे पाठ कसं?" मी म्हटलं, आमच्या नागपुरात लहान पोरांनाही पाठ असतं. "मग रडतेस कशाला? मोठ्याने म्हण," ती म्हणाली. ती ग्रेस.

तिचे वडील सेन्तारो जपानहून आले आणि इथे लोकांच्या शेतात राबले. पुढे स्वतःची जमीन घ्यावी असं त्यांच्या मनात आलं. पण कॅलिफोर्नियाचा कायदा असा, की ज्याला नागरिक होता येत नाही त्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि जपान्याला नागरिक होता येत नाही. एकदा याच प्रश्नावर आपल्याकडचा एक माणूसही इथल्या कोर्टात गेला होता. मी उच्च जातीचा, आर्य वंशाचा, तेव्हा मला गोरा धरा, असं त्याचं म्हणणं. कोर्टाने त्यालाही हाकललं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले होते, आणि मग दिवसभर माझं डोकं तापलेलं राहिलं होतं.

जपानी शेतकऱ्यांनी त्यातून वाट काढली. पोरं इथे जन्मलेली, म्हणजे जन्मानेच अमेरिकन. जमीन पोरांच्या नावावर घ्यायची. ग्रेस पाळण्यात असतानाच आठ एकरांची मालकीण झाली. "मला दातांच्या आधी शेत आलं," असं ती सांगते.

ती चार वर्षांची असताना, १९४२च्या मे महिन्यात, किनाऱ्यावरच्या सगळ्या जपानी माणसांना उचलायचा हुकूम निघाला. जपानशी युद्ध चालू होतं, म्हणून इथे जन्मलेली पोरंसुद्धा शत्रू ठरली. हातात मावेल तेवढंच सामान घ्यायचं. आणि वर ताकीद अशी, की शेवटच्या दिवसापर्यंत शेत सांभाळा, पिकाची हेळसांड केलीत तर घातपात समजू. स्ट्रॉबेरी ऐन भरात होती. शेजारचा हार्लन म्हणाला, मी बघतो. सेन्तारोंनी त्याच्या हातात किल्ली दिली. कुवाहारा कुटुंब आधी रेसकोर्सवर घोड्यांच्या तबेल्यात राहिलं, मग वायोमिंगच्या थंडीत, काटेरी तारेच्या आत. तीन वर्षांनी परतले तेव्हा फाटकाला हार्लनचं कुलूप होतं. कर थकला होता, लिलाव झाला, मी घेतली, असं त्याने फाटकाच्या आतूनच सांगितलं. शेताची मालकीण सात वर्षांची होती आणि बापाचं बोट धरून बाहेर उभी होती.

त्यानंतर सेन्तारो मरेपर्यंत दुसऱ्यांच्या जमिनीवर वाट्याने स्ट्रॉबेरी पिकवत राहिले. त्यांच्यामागे ग्रेसही. हार्लनच्या पोरांनी ती आठ एकर बिल्डरला विकली. तिथे आता घरांच्या रांगा आहेत आणि त्यातल्या एका घरात मी भाड्याने राहते. उरलेला तुकडा म्हणजे हे पार्क.

आता सांगा, किमोनो कुठून आणू?

माझे बाबा, दादाराव, फेब्रुवारीत नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले होते. वीज मंडळातून निवृत्त. घरात बसून टीव्ही बघणं त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी त्यांना ग्रेसकडे पोचवलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. ती त्यांच्या हातावर चापट मारून शिकवायची. सुरुवातीची फुलं खुडून टाकायची, म्हणजे रोप आधी मुळं धरतं. फळ दोन बोटांनी देठाशी पिळायचं, फळाला हात लावायचा नाही. फळं धरल्यावर पहिल्याच तोडणीला बाबांनी फळाला हात लावला आणि चापट खाल्ली. घरी येऊन मोठ्या आनंदाने सांगत होते. "मले मारलं तिनं. आमच्या हेडमास्तरनंतर पयल्यांदाच कोणी मारलं."

फलकाची बातमी मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"नाव कोणाचं लावून राहिले म्हणते?"

"हार्लनचं. ज्याने जमीन गिळली त्याचं."

माझे बाबा तरुणपणी नामांतरासाठी नागपूरहून निघालेल्या लाँग मार्चमध्ये चालले होते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि त्या एका नावापायी माणसांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. बाबांना वाटेतच पकडून तुरुंगात टाकलं. सोळा वर्षांनी नाव मिळालं, तेही जुन्या नावाला जोडून, नामविस्तार म्हणून. "तेव्हाही लोक म्हणत, नावानं काय पोट भरते का," बाबा म्हणाले. "ज्याचं पोट भरलं होतं तोच म्हणे."

मंगळवारी कमिटीची मीटिंग होती. मी ग्रेसला घेऊन गेले. तिने फार थोडक्यात, हळू आवाजात सांगितलं की पॅचला कुवाहारा नाव द्यावं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सुमंतकाका म्हणाले, फलक ब्राँझचा आहे, झाला तो झाला. हार्लन कुटुंबाने पार्कला बाक दिलेत. पण काळजी करू नका, माहितीपत्रकात तुमची गोष्ट घेतली आहे आणि फार सुंदर गोष्ट आहे. मग त्यांनी ती वाचून दाखवली. शेत सोडायच्या आदल्या संध्याकाळी सेन्तारो कुवाहारा यांनी पिकाला पाणी दिलं, फावडी धुऊन जागेवर ठेवली आणि विश्वासाने शेजाऱ्याच्या हाती किल्ली सोपवली. पलीकडच्या एका बाईने डोळे पुसले.

"अरे पण त्या शेजाऱ्याने पुढे काय केलं ते छापा ना!" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "तोंडाला पानं पुसताय तुम्ही तिच्या!" हे दुसरं वाक्य मराठीत निघालं, त्यामुळे ते फक्त काकांना लागलं.

ग्रेसने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि काकांकडे पाहून मान हलवली. "आय सी," ती म्हणाली. "आय अंडरस्टँड."

काकांच्या जिवात जीव आला. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. विहारातल्या जपानी बायकांत दोन-तीन वर्षं वावरल्यावर मला एक गोष्ट कळली आहे. त्या 'समजलं' म्हणतात तेव्हा त्यांना समजलेलं असतं, बस. मान्य आहे की नाही, हा वेगळा प्रश्न असतो आणि तो त्यांना कुणी विचारत नाही. काकांनीही विचारला नाही.

पार्किंगमध्ये ग्रेस गाडीचं दार धरून उभी राहिली.

"ती पाण्याची गोष्ट खरी आहे," ती म्हणाली. "मी पाहिलंय. आई म्हणत होती, नांगर फिरवा, त्याच्या घशात एक फळ जाऊ देऊ नका. वडील म्हणाले, चांगली माणसं पीक तहानलेलं सोडून जात नाहीत. आमच्या घरात ही गोष्ट ऐंशी वर्षं छाती फुगवून सांगतात. मी मेले की माझ्या अंत्यविधीलाही कुणीतरी सांगेल." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मला तिची लाज वाटते, हर्षी. जमीन गेली याची नाही. पाणी दिलं याची."

ती गाडीत बसली आणि म्हणाली, "शनिवारी पहाटे ये. टोपल्या आण, जमतील तेवढ्या."

शुक्रवारी काकांचा पुन्हा फोन. या वेळी आवाज हलका. "हे बघ हर्षिता, मी तुला मुलीसारखी मानतो म्हणून सांगतो. त्या दिवशी तू फार बोललीस. तुझं ग्रीन कार्ड अजून लटकलंय. दादाराव व्हिजिटर व्हिसावर आहेत. सध्या दिवस कसे आहेत बघतेयस ना? कुठे नाव आलं, फोटो आला, तर निस्तरत बसावं लागेल. उद्या प्लीज सीन क्रिएट करू नको."

मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू? ऑफिसमधल्या एका पोराला विमानतळावर अडवून परत पाठवल्याची बातमी ताजी होती. मी बाबांना म्हटलं, तुम्ही उद्या घरीच थांबा.

"काहून?"

"व्हिसा आहे, बाबा."

"व्हिसावर स्ट्रॉबेरी तोडू नये असं लिवलं हाय का?" असं म्हणून त्यांनी माझा रिकामा लाँड्री बास्केट दाराशी नेऊन ठेवला, टोपली म्हणून.

शनिवारी उजाडताना आम्ही पार्कात पोचलो तर विहारातली दहा-बारा माणसं आधीच वाफ्यांत वाकलेली. ग्रेसने सगळ्यांना सांगितलं होतं. फळं इतकी पिकली होती की वासानेच भूक लागत होती. आम्ही सगळं तोडलं, पांढुरकं तेवढं ठेवावं का असं मी विचारलं तर ग्रेस म्हणाली, तेही. एकही फळ मातीत जाता कामा नये, फळाचा काय दोष. सकाळी फिरायला आलेली माणसं थबकत होती, त्यांच्या ओंजळी आम्ही भरत होतो. कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांनी तिथेच उभं राहून इतकी खाल्ली की त्यांची दाढी लाल झाली. उरलेल्या टोपल्या विहाराच्या स्वयंपाकघरात गेल्या.

मला वाटलं, संपलं. मेयर येतील, तोडायला एक फळ नसेल, फजिती होईल. तेवढ्यावर मी खूश होते. पण ग्रेसने आपल्या पिकअपची मागची फळी पाडली आणि फळ्यांवरून पॉवर टिलर, म्हणजे हाताने चालवायचा इंजिनचा नांगर, खाली उतरवायला घेतला. बाबा मदतीला धावले. खाली उतरल्यावर त्यांनी एक मूठ धरली, तर तिने त्यांच्या हातावर चापट मारली. मग कानातली श्रवणयंत्रं काढून खिशात ठेवली आणि दोरी ओढली.

टिलरचं धूड तिच्या दीडपट होतं. पहिल्या वाफ्यात तो तिलाच ओढत होता. दुसऱ्यापासून तिने त्याला ओढलं. नोव्हेंबरपासून जिवापाड जपलेली रोपं मुळांसकट वर येत होती आणि काळ्या मातीखाली जात होती. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला काय वाटत होतं ते मला सांगता येणार नाही, पण तिने दात घट्ट आवळले होते आणि ती एकदाही थांबली नाही.

शेवटच्या वाफ्याशी ती पोचली तेवढ्यात काकांची गाडी आली. मागोमाग मेयर, पेपरवाली मुलगी, कमिटी आणि रिबन. ग्रेसने टिलर बंद केला आणि त्याच्या मुठीवर रेलून धापा टाकत उभी राहिली.

काका मातीकडे बघतच राहिले. "हर्षिता, अगं काय केलंत हे!" मला त्यांची दया आली, खरंच आली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात काहीतरी चमकलं. ते मेयरकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "आय अ‍ॅम सो सॉरी. त्या सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचा गोंधळ झाला असणार. या वयात होतं असं."

सगळ्यांचे चेहरे एकदम मऊ झाले. पेपरवालीने कॅमेरा खाली केला. "ओह, पुअर थिंग," कुणीतरी म्हणालं. मेयर मातीतून चालत ग्रेसजवळ गेले आणि मोठ्या माणसाने लहान मुलाच्या ठेवावा तसा तिच्या खांद्यावर हात ठेवला. काही बिघडलं नाही म्हणाले. काकांनी मला डोळ्यांनीच खुणावलं, गप्प राहा. ते आम्हाला वाचवत होते. आता पोलीस येणार नव्हते, कुणाचं नाव कुठे जाणार नव्हतं, बाबा ऑगस्टमध्ये सुखाने नागपूरला परत गेले असते. ग्रेसला काही ऐकू आलं नव्हतं. यंत्रं खिशात होती. ती मेयरकडे बघून सभ्यपणे मान हलवत होती. मला फक्त मूग गिळून उभं राहायचं होतं.

ऐंशी वर्षांनी या बाईने एकदाची नांगरट केली होती आणि हे लोक तीही तिच्याकडून काढून घेत होते.

मी तिच्याजवळ गेले आणि तिच्या कानाशी ओरडले, "ग्रेस, ते म्हणतायत तुझा गोंधळ झाला! तू म्हातारी झालीस, तुला कळलं नाही तू काय केलंस, असं सांगतायत!"

"हर्षिता!" काका म्हणाले.

ग्रेसने मेयरचा हात खांद्यावरून उचलून बाजूला केला. खिशातून यंत्रं काढली, जीन्सला पुसली, एकेक करून कानात घातली. तिने अजिबात घाई केली नाही. सगळ्यांना थांबावं लागलं.

"माझा काहीही गोंधळ झालेला नाही," ती म्हणाली. "मी ग्रेस कुवाहारा. हे शेत माझ्या नावावर होतं आणि आज मी ते नांगरलं. मला कुणी सांगितलं नाही, मी यांना सांगितलं." तिने पेपरवालीकडे पाहिलं. "काढ ना फोटो."

मुलीने फोटो काढला.

"तुम्हाला पुन्हा रोपं हवी असतील तर ती नोव्हेंबरात लावावी लागतात. लावता येणारी तुमच्याकडे मी एकटी आहे. त्याआधी तो फलक काढा आणि कुवाहारा लिहा. हार्लनच्या शेजारी नको, हार्लनच्या खाली नको. फक्त कुवाहारा. नाही लिहिलंत तर मी लावणार नाही, आणि दुसऱ्या कुणी लावलं तर तेही नांगरीन."

मेयर घसा खाकरून म्हणाले, "मिस कुवाहारा, कमिटीला वेळ लागतो. आणि नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे, तुमचं वय बघता..."

"मेले तर?" ग्रेस म्हणाली. "मग पडीक ठेवा."

तिने यंत्रं परत काढून खिशात टाकली आणि टिलरची दोरी ओढली, कारण शेवटचा वाफा अजून राहिला होता. मेयर नेमके त्याच वाफ्यात उभे होते. बाबा पुढे झाले. "सरका बाप्पा जरा," ते मराठीतच म्हणाले, आणि मेयर सरकले.